सटवाई, जरा, वेताळ: लोककथेतल्या पात्रांचं मूळ आणि मुलांना त्यांची गोष्ट सांगणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवलीतल्या तुमच्या सोसायटीत तुम्ही दर शनिवारी आठ ते बारा वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगता. मुलांनीच भुताच्या गोष्टींचा हट्ट धरला, म्हणून तुम्ही हडळ, मुंजा, वेताळ, सटवाई, आसरा अशी यादी केली आणि दोन्हीकडून आक्षेप आले. एका मुलाचे वडील म्हणाले, ही अंधश्रद्धा आहे, आमच्या मुलाच्या डोक्यात भरू नका. एक आजी म्हणाल्या, सटवाई देवी आहे, तिला भुतांच्या रांगेत कशाला बसवता? आता तुम्हाला एक तक्ता हवा आहे: कोणतं पात्र कुठल्या पुराणातून आलं. मूळ ग्रंथात दाखवलं की दोघांचंही समाधान होईल, असं तुम्हाला वाटतं.

मी मुंबईत बरीच वर्षं शाळांमधून, वाचनालयांतून, चाळींच्या पटांगणांवर गोष्टी सांगते आणि शिक्षकांनाही शिकवते. तक्ता करता येईल, पण त्यानं तुमचं काम होणार नाही. वडिलांना पुराणातलं मूळ दाखवलंत तर ते म्हणतील, मग पुराणातली अंधश्रद्धा. आजींना ग्रंथ नकोच आहे, त्यांना मान हवा आहे. तुमची खरी अडचण वेगळी आहे: ही पात्रं आपण कोणत्या नात्यानं मुलांसमोर आणतोय, घाबरवायला, पूजायला की समजून घ्यायला, हे तुमचं अजून ठरलेलं नाही. ते ठरवायला मूळ शोधण्याचा उपयोग होतो, फक्त ते सरळ रेषेत सापडत नाही. पुराणांनी गावागावांतल्या देवता उचलल्या, गावांनी पुराणातली पात्रं आपल्या वेशीवर आणून बसवली, आणि ही ये-जा शतकानुशतकं चालू राहिली.

सगळ्यात भक्कम दुवा जिथे सापडतो तिथून सुरुवात करते. श्रावण जवळ आला की दादरच्या बाजारात आघाडा-दूर्वांच्या शेजारी जिवतीचा कागद विकायला येतो. तो एकदा नीट निरखून बघा. वर खांबातून निघालेला नरसिंह आणि कालियाच्या फण्यावरचा कृष्ण. मध्ये दोन बायका, मांडीवर पोर, अंगाखांद्यावर पोरं, शेजारी पाळणा. या जरा आणि जिवंतिका. खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. बहुतेक घरांत हा कागद देव्हाऱ्याशेजारी लावतात, श्रावणी शुक्रवारी त्याची पूजा होते, दूध-साखर आणि चणे-फुटाण्यांचा नैवेद्य दाखवतात आणि आई मुलांना ओवाळते. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकते.

त्यातली जरा ही महाभारतातली राक्षसी मानली जाते. सभापर्वात तिची गोष्ट येते. मगधाचा राजा बृहद्रथ, त्याच्या दोन राण्या, मूलबाळ नाही. चंडकौशिक ऋषींनी एक आंबा दिला, राण्यांनी तो अर्धा-अर्धा खाल्ला आणि दोघींना अर्धं-अर्धं मूल झालं. एक डोळा, एक हात, एक पाय, अर्धा चेहरा. घाबरून दायांनी ते दोन तुकडे चव्हाट्यावर टाकून दिले. मांसाच्या शोधात हिंडणाऱ्या जरेला ते सापडले. न्यायला सोपं जावं म्हणून तिनं दोन्ही तुकडे एकमेकांना लावले, तर ते सांधले गेले आणि मूल मेघासारखं गरजलं. तिला ते उचलवेना. खायला आलेल्या राक्षसीनं ते मूल राजाच्या हाती दिलं. तो जरासंध. महाभारताच्या प्रचलित पाठात जरा राजाला सांगते की ब्रह्मदेवानं मला गृहदेवी म्हणून निर्माण केलं आहे, आणि जो मुलाबाळांसह माझं चित्र भिंतीवर काढील त्याच्या घराची भरभराट होईल.

हे वाचून मग पुन्हा तो कागद बघा. भिंतीवरचं चित्र, मुलाबाळांसह. असा दुवा हाती लागला की मला अजूनही आनंद होतो. इथे नुसतं नाव जुळत नाही. कृती जुळते, हेतू जुळतो, चित्रही जुळतं. पण मूळ महाभारतात सापडलं असं म्हणून थांबू नका. ती राक्षसी आपली ओळख घरोघरी पूजली जाणारी म्हणून करून देते. म्हणजे ती कथा रचली गेली त्या काळी अशी भिंतीवरची देवता लोकांच्या घरांत आधीच असावी आणि कवीनं तिला जरासंधाच्या जन्मकथेत गोवलं असावं. ग्रंथ हा उगम नसून वाटेतला मुक्काम असू शकतो. तक्त्यात हे मावत नाही.

आता सटवाई. आजींचं म्हणणं बरोबर आहे, तिला भुतांच्या यादीतून काढा. बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या-सहाव्या रात्री पाटा-वरवंटा पूजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते असं मानतात. झोपेत बाळ हसलं की सटवाई हसवतेय म्हणतात. ही षष्ठी देवी. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाची, म्हणजे कार्तिकेयाची, कथा आहे, तिथे त्याची बायको देवसेना हिला षष्ठी हेही नाव आहे. त्याच प्रकरणात स्कंदाभोवती मातृकांचा, म्हणजे मातृदेवतांचा, आणि ग्रहांचा, म्हणजे मुलांना पछाडणाऱ्या शक्तींचा, मोठा जमाव येतो. त्यांना मुलं हवी असतात, खायला. स्कंद त्यांना सांगतो की सोळा वर्षांपर्यंत तुम्ही मुलांना पीडा द्याल, पण जे तुमची पूजा करतील त्यांच्या मुलांचं रक्षण करा. मुलांना गोष्ट सांगायच्या आधी जमलं तर एकदा गेटवेवरून लाँच पकडून घारापुरीला जा. मुख्य लेण्याच्या पूर्वेकडच्या भागात मातृकांचा पट आहे, त्यांच्या सोबतीला कार्तिकेय आणि गणपती. झिजलेला आहे, पण त्यासमोर उभं राहिलं की ही मंडळी किती जुन्या काळापासून मुंबईच्या पाण्यात वस्तीला आहेत ते कळतं.

सहावी रात्रच का, यावर माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या. नाळ अस्वच्छ हत्यारानं कापली तर होणारा धनुर्वात बाळाच्या पहिल्या आठवड्यात, बहुधा पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतो. ज्या काळी कारण माहीत नव्हतं त्या काळी बायकांना एवढंच दिसत होतं की याच रात्री धोक्याच्या आहेत. मग त्या रात्री कोणी झोपायचं नाही, दिवा विझू द्यायचा नाही, बाळावर नजर ठेवायची. सटवाईच्या नावानं अख्खं घर बाळाभोवती जागं राहत होतं. तुमच्या त्या वडिलांना हे सांगा. यात श्रद्धा ठेवा असं आपण म्हणत नाही. या गोष्टीखाली दडलेली भीती खरी होती आणि जागरण हा त्या बायकांना सुचलेला इलाज होता, एवढंच दाखवतो.

खाणारी तीच राखणारी होते, हे वळण आपल्या मुलुखात वारंवार दिसतं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीतीची मूर्ती आहे. ती लोकांची मुलं पळवून खायची. बुद्धानं तिचं सगळ्यात धाकटं मूल लपवून ठेवलं, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची रक्षक झाली. ही बौद्ध परंपरेतली, जरा महाभारतातली, सटवाई बाळंतिणीच्या खोलीतली. कोणी कोणाकडून घेतलं हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. तिघींच्या गोष्टी तीन शनिवारी लागोपाठ सांगा, मुलं आपणहून जोडून घेतात.

आसरांबद्दल थोडक्यात. विहिरीवर, नदीच्या डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात त्या साती आसरा. अप्सरांशी त्यांचं नातं नाव ऐकूनच सुचतं, पण नुसत्या नावाच्या साम्यावर मी कधी भिस्त ठेवत नाही. इथे दुसरा आधार आहे. अप्सरा म्हटलं की आपल्याला इंद्राच्या दरबारातलं नृत्य आठवतं, पण शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात पुरुरव्याला उर्वशी पुन्हा भेटते तेव्हा ती आणि तिच्या सख्या पाणपक्ष्यांच्या रूपात तळ्यात पोहत असतात. म्हणजे या पाण्यातल्याच बायका. डोहात पोर बुडालं की आसरांनी ओढलं म्हणणारा गाव त्यांना दरबारातल्या कवींपेक्षा जास्त ओळखून होता.

जखीण आणि यक्षिणी यांचं नातं असंच आहे. म्हसोबाचं प्रकरण मात्र वेगळं आहे. महिषासुराशी त्याचा संबंध जोडला जातो, पण इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासची ठाणी पायी हिंडले तेव्हा त्यांना काही ठिकाणी म्हसोबा आणि जोगूबाई, म्हणजे योगेश्वरी देवी, नवरा-बायको म्हणून पूजले जाताना दिसले. पुराणात देवी ज्याला मारते, तो माळावर देवीचा नवरा आहे. अशा वेळी मुलांना दोन्ही सांगावं आणि खरं कोणतं हा निवाडा देऊ नये.

आणि काहींना पुराणात मूळच नाही. तुमच्या कांदिवलीच्या पूर्वेलाच राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. तिथल्या आणि आरेच्या पाड्यांवरचे वारली लोक वाघदेवाला मानतात, वाघबारशीला त्याची पूजा करतात. त्याच दिवशी आपल्याकडे वसुबारस असते, गाय-वासराची. एकाच तिथीला एक गाव गाय पूजतं आणि रानातला पाडा वाघ. हा वाघदेव कुठल्या पुराणातून आला असं विचारणं म्हणजे वारल्यांचा अनुभव कमी लेखणं आहे. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी ही देवता स्वतः घडवली. तुमच्या इमारतीतल्या मुलांनी बिबट्याच्या बातम्या ऐकलेल्या असतात, म्हणून ही गोष्ट त्यांना लगेच भिडते.

मुंजाही पुराणातला नाही. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला तर तो पिंपळावर राहतो, ही समजूत एका संस्काराभोवती आणि अकाली गेलेल्या पोराच्या दुःखाभोवती तयार झाली. हडळ तशीच, बाळंतपणात मेलेल्या बाईची. हडळीची रूढ गोष्ट मी लहान मुलांना सांगत नाही, आणि हे माझं ठाम मत आहे. जी बाई वेदनेनं मेली तिलाच ती गोष्ट गावाची वैरीण करते. मोठ्या मुलांबरोबर यावर बोलता येतं, आठ वर्षांच्या मुलाच्या हाती फक्त उलटे पाय लागतात.

वेताळावर मात्र वेळ घालवा. विक्रम-वेताळ सगळ्यांना माहीत आहे, चांदोबा मासिकामुळे आणि दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे. पण सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या कथासरित्सागरात त्या राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा राजा आहे. मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्यानं हा संस्कृत ग्रंथ १८८९ साली छापला. त्यात गोष्टीची सुरुवात आणि शेवट दोन्ही फार सुंदर आहेत, आणि नेमके तेच लोक सांगायचे सोडतात. एक भिक्षू रोज राजाला एक फळ आणून देतो, राजा ते भांडारात टाकतो. एक दिवस पाळलेलं माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. रोजच्या फळात रत्न होतं! मग भिक्षू मागणं मागतो: अमावास्येच्या आदल्या रात्री स्मशानात ये आणि शिंशपेच्या झाडावर लटकलेलं प्रेत मला आणून दे. त्या प्रेतात वेताळ असतो. वाटेत तो गोष्टी सांगतो, कोडी घालतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास की मी परत झाडावर. शेवटच्या कोड्याला राजाला उत्तर सुचत नाही, तो मुकाट चालत राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन त्याला सावध करतो की हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगील, तेव्हा म्हण, मी राजा, मला नमस्कार घालता येत नाही, आधी तू करून दाखव. राजा तसंच करतो आणि वाचतो.

म्हणजे रोज फळ आणून देणारा साधू घातकी निघाला आणि प्रेतात बसलेला भयंकर वेताळ मित्र. हे वळण मुलांना सांगायलाच हवं. मुंबईत वाढणाऱ्या मुलाला हे कळणं किती गरजेचं आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

भांडुपच्या एका वाचनालयात ही गोष्ट सांगत होते. वेताळ प्रेतात शिरतो त्या जागी आले, मुलं चिडीचूप. तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी जोरात म्हणाली, “पण आमचो वेतोबा तर चपला घालता!” तिचं मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, केळीचे घड वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून चपला झिजतात, असं तिकडे मानतात. मी गोष्ट थांबवली आणि तिला पुढे बोलावलं. तिनं चपला किती मोठ्या ते दोन्ही हात पसरून दाखवलं, आजोबा पाया पडताना काय गाऱ्हाणं घालतात ते मालवणीत म्हणून दाखवलं. मघाशी घाबरलेली पोरं तिला प्रश्न विचारायला लागली: तो पावसात पण फिरतो का? चपला चोरीला जात नाहीत का? त्यानंतर मी वेताळाची गोष्ट सुरू करण्याआधी नेहमी विचारते, तुमच्या गावी वेताळाचं देऊळ आहे का? आपल्या शहरात सिंधुदुर्गातली इतकी कुटुंबं आहेत की एखादा हात वर येतोच.

गोष्टीत खरंच ताकद असते का, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता. त्यावर कथासरित्सागरातच आणखी एक पैठणची गोष्ट आहे. गुणाढ्यानं ‘पैशाची’ नावाच्या, पिशाचांची मानल्या गेलेल्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्तानं लिहिली आणि सातवाहन राजाकडे पाठवली. असल्या भाषेत, रक्तानं लिहिलेली, म्हणून राजानं ती झिडकारली. गुणाढ्यानं रानात अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्यानं वाचून जाळायला सुरुवात केली. हरणं, डुकरं, पक्षी चरायचं सोडून भोवती बसले, डोळ्यांतून पाणी गाळत ऐकू लागले. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, वाळलेल्या मांसामुळे. स्वयंपाक्यांनी शिकाऱ्यांवर ढकललं, शिकारी म्हणाले, रानातली जनावरं काही खातच नाहीत, एक ब्राह्मण गोष्ट वाचतोय ती ऐकत बसलीत. राजा धावत गेला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते. मी शिक्षकांच्या शिबिरात हीच गोष्ट पहिली सांगते, कारण राजा ज्या भाषेला हलकी म्हणाला त्याच भाषेतल्या गोष्टीनं रान उपाशी बसवलं. तुमच्या आजींची सटवाई आणि भांडुपच्या त्या मुलीचा मालवणी वेतोबा याच जातकुळीतले आहेत.

आता प्रत्यक्ष काय करावं. हे तुमच्या मुलांवर अवलंबून आहे, मी त्यांना पाहिलेलं नाही. आठ आणि बारा वर्षांच्या मुलांत फार अंतर असतं. शक्य असेल तर भीतीच्या गोष्टींपुरते दोन गट करा. एखाद्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर मुंजा, वेताळ काही महिने बाजूला ठेवा. ज्या देवतेची कोणाच्या घरी पूजा होते तिची गोष्ट त्या घरातल्या मोठ्या माणसाशी आधी बोलून मग सांगा. “ऐकलं नाहीस तर तो येईल” हे वाक्य तासाला कधीही येऊ देऊ नका, आणि पालकांनाही तशी विनंती करा. भीती शिस्तीसाठी वापरली की गोष्ट तिथेच संपते. “लोक असं मानायचे”, “आरवलीला असं सांगतात” अशी वाक्यरचना ठेवा. “खरं आहे का?” असं मूल विचारतंच. मी सांगते, मी कधी वेताळ पाहिला नाही, पण त्याची गोष्ट सांगणारी माणसं पाहिली आहेत, आणि ती का सांगतात ते आपण शोधूया.

पहिल्या शनिवारी जरा घ्या आणि जिवतीचा कागद सोबत न्या, मुलांना त्यात काय काय दिसतं ते आधी बोलू द्या. दुसऱ्या शनिवारी सटवाई, पण ती तुम्ही सांगू नका. ज्या आजींनी आक्षेप घेतला त्यांनाच बोलवा, त्यांच्या घरी पाचवीला काय करायचे ते त्यांच्या तोंडून येऊ द्या. तिसऱ्याला हारीती. मग हलकं काहीतरी हवं, तर पंचतंत्रातला ब्रह्मराक्षस आहे: ब्राह्मणाला खायला आलेला राक्षस आणि त्याची वासरं चोरायला आलेला चोर, आधी कोणी आपलं काम उरकायचं यावरून इतके भांडतात की ब्राह्मण जागा होतो. यावर मुलं पोट धरून हसतात. वेताळ मोठ्या गटासाठी ठेवा, दोन शनिवारांत विभागून, आणि फळातल्या रत्नापासून सुरू करा. त्या वडिलांना हारीतीच्या शनिवारी मागे बसून ऐकायचं आमंत्रण द्या, आणि नंतर चहा पिताना त्यांना काय खटकलं ते विचारा. त्यांनी काही नेमकं सांगितलं तर इथे लिहा, त्यावर पुढे बोलू.